निघून गेलेल्यांची नोंद

लॉगमध्ये ४९९ हा आकडा पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तो एचटीटीपीच्या अधिकृत यादीत शोधला. ४०४ सापडला, ५०२ आणि ५०४ सापडले. ४९९ कुठेच नव्हता. मग कळलं की तो एनजिनएक्सचा स्वतःचा कोड आहे. इगोर सिसोयेव्ह यांनी लिहिलेला हा सर्व्हर २००४ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. आमच्याकडे तो रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून, म्हणजे वापरणारा माणूस आणि मागचं ॲप्लिकेशन यांच्या मधोमध उभा आहे. उत्तर मिळण्याआधीच समोरच्यानं कनेक्शन तोडलं, की तो ४९९ लिहून ठेवतो. हा कोड कुणालाही पाठवला जात नाही. घ्यायला समोर कुणी उरलेलंच नसतं.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठीचं. शाखेतले कर्मचारी ब्राउझरवर काम करतात आणि पिग्मी एजंट दुकानादुकानांतून फिरत रोजची ठेव मोबाइलवर नोंदवतात. मार्चअखेर आली आणि फोन सुरू झाले. "मॅडम, नुसतं गोल गोल फिरतंय." प्रॉक्सीच्या लॉगमध्ये ४९९ च्या ओळी होत्या. मी ॲप्लिकेशनचा लॉग उघडला, तर त्याच विनंत्यांपुढे २००, म्हणजे यशस्वी, असं लिहिलेलं. प्रॉक्सी म्हणत होता माणूस निघून गेला, ॲप्लिकेशन म्हणत होतं काम झालं. दोघांपैकी कुणावर विश्वास ठेवायचा हे मला उमगेना. दोन्ही खरं होतं. माणूस गेल्यावर प्रॉक्सी मागच्या बाजूचं कनेक्शनही बंद करतो, पण आमच्या ॲप्लिकेशनला हे उत्तर लिहायला जाईपर्यंत कळत नव्हतं. जो केव्हाच उठून गेला त्याच्यासाठी ते शेवटपर्यंत राबत होतं.

आमच्या टीममधल्या वरिष्ठ सरांनी आधी लॉगचा साचा बदलून घेतला. नेहमीच्या साच्यात विनंतीची नोंद कधी झाली ते असतं, तिला किती वेळ लागला ते नसतं. आता प्रत्येक ओळीत चार वेळा दिसू लागल्या: विनंतीची एकूण वेळ, मागच्या सर्व्हरशी जोडणी व्हायला लागलेली, त्याच्या उत्तराचे हेडर यायला लागलेली आणि पूर्ण उत्तराची. हे वाचायला शिकणं हा माझा खरा आरंभ. एकूण वेळ मोठी आणि मागची छोटी असेल, तर उशीर माणसाच्या नेटवर्कमध्ये आहे. कुणी कमजोर सिग्नलवरून मोठा फोटो चढवत असेल. दोन्ही जवळजवळ सारख्या असतील तर उशीर मागे आहे. आमच्या ४९९ च्या ओळींत जोडणी एक-दोन मिलिसेकंदांत झालेली आणि हेडरच्या जागी नुसती आडवी रेघ. म्हणजे ॲप्लिकेशननं विनंती घेतली आणि पुढे चकार शब्द काढला नाही.

मग सरांनी ४९९ च्या ओळी वेगळ्या काढून त्यांच्या एकूण वेळा क्रमानं लावायला सांगितल्या. त्यात दोन जाती निघाल्या. ब्राउझरवरून मागवलेल्या अहवालांच्या वेळा विखुरलेल्या होत्या: ११ सेकंद, १९, ४२. मोबाइलवरून आलेल्या जवळपास सगळ्या ३० सेकंदांच्या अगदी आसपास. पहिल्या ठिकाणी माणसाचा धीर सुटला होता, दुसऱ्या ठिकाणी ॲपमधलं घड्याळ संपलं होतं. त्या रात्री मी कितीदा ती यादी पाहिली असेन. कोरड्या आकड्यांतून असं माणूस आणि यंत्र वेगळं ओळखता येतं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

याच यादीनं आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ४९९ समोरचे ११ सेकंद म्हणजे माणसानं वाट पाहिली तेवढा वेळ. काम त्याहून किती लांबणार होतं हे ती ओळ सांगत नाही. आमचे काही अहवाल कित्येक मिनिटं चालत होते, पण कंटाळून उठलेल्यांमुळे सरासरीत ते किरकोळ दिसत. लोक जितके लवकर निघून जातील तितकी सरासरी सुधारते! म्हणून या ओळी सरासरीत मिसळायच्या नाहीत, वेगळ्याच मोजायच्या.

एव्हाना सल्ले येऊ लागले होते. कुणी म्हणालं, प्रॉक्सीचा टाइमआउट वाढवा. उत्तराची वाट पाहण्याची त्याची मूळ मर्यादा ६० सेकंद असते, पण ती संपली तर ५०४ येतो. समोरून निघून जाणाऱ्याला ती थांबवू शकत नाही. कुणी म्हणालं, ग्राहक गेला तरी दुर्लक्ष कर असं प्रॉक्सीला सांगणारी सेटिंग आहे, ती लावा. सरांनी ती लावू दिली नाही. तिनं लॉग स्वच्छ दिसला असता आणि शाखेतला माणूस तसाच ताटकळत राहिला असता.

उत्तर आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सापडलं. चालू क्वेरींच्या यादीत एकाच शाखेचा एकच अहवाल अनेकदा धावत होता. कर्मचारी वाट पाहायचे, पान रिफ्रेश करायचे, पुन्हा मागवायचे. सोडून दिलेली क्वेरी चालूच राहायची. अशानं डेटाबेसच्या कनेक्शनांचा पूल भरून गेला आणि पिग्मीची इवलीशी नोंद एक कनेक्शन मोकळं होण्याची वाट बघत राहिली. तीस सेकंद झाले की फोन नाद सोडायचा, आणि तीच नोंद आपणहून पुन्हा पाठवायचा.

इथे माझ्या पोटात गोळा आला. पहिली नोंद मागे उशिरा का होईना पूर्ण होत होती. म्हणजे भाजीवाल्याचे शंभर रुपये खात्यात दोनदा पडत होते, आणि संध्याकाळी एजंटचा रोख भरणा कमी भरत होता. शाखेत त्याच्याकडेच संशयानं पाहिलं जाणार. प्रॉक्सी स्वतःच तर विनंती दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवत नाही ना, हेही तपासलं. आवृत्ती १.९.१३ पासून एनजिनएक्स एकदा मागे पाठवलेली पोस्ट विनंती, मुद्दाम सांगितल्याशिवाय, पुन्हा दुसरीकडे पाठवत नाही. पुन्हा पाठवणारा फोनच होता.

अहवालांसाठी वेगळा छोटा पूल केला, क्वेरीला वेळेची मर्यादा घातली आणि मोठे अहवाल मागे तयार होऊन नंतर उतरवून घेता येतील असे केले. प्रत्येक पावतीला फोनवरच एक वेगळा क्रमांक मिळू लागला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेस नाकारतो. माझ्या मते हा शेवटचा बदल पहिल्या दिवसापासूनच हवा होता, कारण नेटवर्क कधी ना कधी तुटणारच.

राहिल्या आधीच दोनदा पडलेल्या पावत्या. त्या शोधायला ४९९ च्या ओळीच कामी आल्या. तीस सेकंदांवर तुटलेली प्रत्येक विनंती घ्यायची आणि त्याच एजंटची, त्याच खात्यातली, तेवढ्याच रकमेची लगेच नंतरची नोंद तिच्याशी ताडून पाहायची. ती यादी आम्ही शाखांना पाठवली. त्यांनी एजंटांच्या हातपावत्यांशी ती मेळवली, जादा नोंदी उलटवल्या आणि एजंटांच्या नावावर तूट म्हणून लागलेली रक्कम काढून टाकली.