ओळंबा आणि पडदा

"म्याडम, पडदा बदलून मिळत न्हाई व्हय?"

माझ्या दवाखान्यात हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. विचारणाऱ्याचा दोष नाही. नेत्रदानाचा प्रचार आपल्याकडे चांगला झाला, पण त्यातून अनेकांची समजूत अशी झाली की, मेलेल्या माणसाचा अख्खा डोळा काढून जिवंत माणसाच्या खोबणीत बसवतात. प्रत्यक्षात बसवतात ते डोळ्यासमोरचं पारदर्शक पटल, घड्याळाच्या काचेसारखं. मी ज्या पडद्यावर काम करते तो डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून लागलेला असतो. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. तो बदलून मिळत नाही. मुळात 'पडदा' हा शब्दच फसवा. ऐकणाऱ्याला जत्रेतलं तंबू थिएटर आठवतं. फाटला तर दुसरा टांगा. हा पडदा, म्हणजे दृष्टिपटल, मात्र मेंदूचाच तुकडा आहे, गर्भात असताना मेंदूतून फुटून पुढे आलेला. त्याच्यापासून दहा-बारा लाख तंतू परत मेंदूकडे जातात. तो जुडगा एकदा तोडला की आजवर कुणाला सांधता आलेला नाही.

कोल्हापुरात मी हे काम करते त्याला आता बरीच वर्षं झाली. तरी पडदा कसा सुटतो हे रोग्याला नीट समजावता यायला मला एका गवंडीमामांची वाट पाहावी लागली.

मामा आले ते पावसाळ्याच्या तोंडावर. उजव्या डोळ्यात आधी दोन दिवस काजवे चमकले, मग काळ्या माशांचा थवा फिरू लागला, मग नाकाच्या बाजूनं खालून अंधार चढत गेला. "टाकीत पाणी भरल्यागत वर वर येतंय," म्हणाले. किती दिवस झाले? नऊ. मग इतके दिवस कुठे होता? "स्लॅब पडायचा हुता की."

साधारण पन्नाशीनंतर डोळ्यातला जेलीसारखा द्रव आकसतो आणि पडद्यापासून सुटतो. बहुतेकांचा तो बिनबोभाट सुटतो. एखाद्याचा मात्र कुठेतरी चिकटून राहतो आणि सुटताना पडदा फाडतो. त्या फटीतून पाणी मागे जातं आणि पडदा भिंतीपासून उकलत जातो. हे मी त्यांना सांगत होते, तर मामांनी मला मध्येच थांबवलं. "म्हंजे गिलाव्यामागं वल गेली की गिलावा सुटतोय, तसंच." तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते.

फट शोधणं हा आमच्या कामातला मला सगळ्यात आवडणारा भाग. थेंब टाकून बाहुली मोठी करायची, डोक्याला दिव्याचं यंत्र बांधायचं, हातात भिंग धरायचं आणि रोग्याला आडवं झोपवून चारी बाजूंना बघायला लावायचं. जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ बघता येतो हे जगाला कळलं ते १८५१ मध्ये, जर्मनीच्या हेल्महोल्ट्झ यांच्या साध्याशा उपकरणामुळे. डोक्याला बांधायचं आणि दोन्ही डोळ्यांनी बघायचं यंत्र १९४० च्या दशकात चार्ल्स शेपन्स यांनी घडवलं. हे बेल्जियन डॉक्टर महायुद्धात खोटं नाव घेऊन पिरेनीज पर्वतात लाकडाची वखार चालवत होते, आणि त्या आडून माणसांना सीमेपार पोचवत होते. यंत्रातून चित्र उलटं दिसतं: वरचं खाली, डावं उजवीकडे. म्हणून शिकत असताना आम्ही चित्राचा कागद रोग्याच्या छातीवर उलटा ठेवायचो आणि दिसेल तसं रेखाटायचो. कागद सुलटा केला की चित्र आपोआप बरोबर. जागेवरचा पडदा तांबडा, सुटलेला निळा, फट तांबडी आणि तिला निळी कड. आता फोटो काढणारी यंत्रं आली आहेत. तरी नवीन मुलांना मी रंगीत पेन्सिली आणायला लावते. हाताने काढल्याशिवाय माणूस नीट बघत नाही, असं माझं मत आहे. मुलं त्याला हट्ट म्हणतात.

स्लॅब गळतो तेव्हा पाणी ठिबकतं एकीकडे आणि भेग असते दुसरीकडे. डोळ्यातही तसंच, पण इथे पाण्याची वाट ठरलेली असते. हार्वे लिंकॉफ आणि रिचर्ड गीझर यांनी १९७१ मध्ये सुटलेल्या पडद्यांचे आकार अभ्यासून नियम मांडले. पाणी वरच्या अर्ध्या भागात एका बाजूला असेल तर ते जिथवर सर्वांत उंच चढलंय त्या कडेपासून घड्याळाच्या दीड तासाच्या अंतरात फट सापडते, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा. मामांची फट अकराच्या काट्यावर होती. नियमात बसणारी.

ही फट बुजवली तरच पडदा बसतो, हे आज उघड वाटतं. शंभर वर्षांपूर्वी ते पटवायला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँ यांना फार झगडावं लागलं. त्याआधी अशा रोग्याला डोळे बांधून आठवडेच्या आठवडे पलंगावर निजवून ठेवत, आणि एवढं करून बहुतेक जण आंधळेच होत. गोनँनी फट शोधून तिथे बाहेरून डागणी दिली. अनेक समव्यावसायिकांना वर्षानुवर्षं ते खरं वाटलं नाही. आज आम्ही बऱ्याचदा आतून जातो: अर्ध्या मिलिमीटरची तीन छिद्रं, जेली कापून काढायची, पडदा बसवायचा, फटीभोवती लेसर आणि शेवटी डोळ्यात वायू. या शस्त्रक्रियेचे जनक रॉबर्ट मॅकमर. जेली कापणारं यंत्र चालतंय की नाही, हे त्यांनी आधी अंड्याच्या पांढऱ्या बलकावर तपासलं होतं, हे मला स्वयंपाकघरात हमखास आठवतं.

वायूचा बुडबुडा पडद्याला आतून टेकू देतो. मामांना पहिले काही दिवस पालथं निजायला सांगितलं, ते त्यांनी पाळलं. पण आठव्या दिवशी त्यांना कामावर जायचं होतं, आणि काम होतं पन्हाळ्यावर. मी जवळजवळ ओरडलेच. पन्हाळा कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच. वर जाल तशी हवा विरळ होते आणि डोळ्यातला वायू फुगतो. डोळा काही फुगत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि रक्तपुरवठाच तुटू शकतो. विमान तर वर्ज्यच. मुंबईत शिकत असताना एका रोग्याला आम्ही विमानाचं बजावलं, पण घाटाचं सांगायचं राहून गेलं. ते गाडीने साताऱ्याकडे निघाले आणि खंडाळा चढता चढता डोळा ठणकायला लागला. वेळेत मागे फिरले म्हणून निभावलं. तेव्हापासून मी रोग्याला गाव विचारते आणि मनात नकाशा उघडते. कोकणातून आलेल्यांचं सोपं. ते घाट उतरून घरी जातात, बुडबुडा उलट आकसतो.

मामांना निदान अंधार दिसला. माझ्या बाकड्यावर बसणाऱ्यांपैकी अनेकांना काहीच दिसत नाही, म्हणजे बिघडलेलं काही दिसत नाही. मधुमेह असतो पंधरा वर्षांचा, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचतात, आणि आत बघावं तर नाजूक नव्या रक्तवाहिन्यांचं जाळं पसरलेलं. त्या कधी फुटतील सांगता येत नाही. पडद्याला वेदना कळत नाही, तो ठणकत नाही, लाल होत नाही. "दिसतंय की मला सगळं. मग लेसर कशाला मारायचा?" या प्रश्नाला उत्तर देताना माझी जितकी शक्ती जाते तितकी शस्त्रक्रियेत जात नाही.

कारण उत्तर अवघड आहे. लेसरने नजर वाढत नाही. उलट कडेचा पडदा ठिकठिकाणी जाळून मधला वाचवायचा असा तो सौदा आहे. रात्रीचं थोडं कमी दिसतं, बाजूचंही. कल्पना आली ती एका ग्रहणातून. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे बघून डोळा भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मन डॉक्टर मायर-श्विकरात यांनी तपासला. जखमेचा व्रण बघून त्यांना वाटलं, हीच जाळण्याची ताकद नेम धरून वापरता आली तर? आधी त्यांनी चक्क ऊनच आरशांनी डोळ्यात आणलं. ढगाळ दिवशी अर्थातच सुट्टी. मधुमेहात याचा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने १९७६ मध्ये दाखवलं: नजर पूर्ण ढासळण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं.

मधल्या भागाला, पीतबिंदूला, सूज आली असेल तर आता डोळ्यात इंजेक्शन देतो. आतड्याच्या कर्करोगावरचं एक औषध २००५ मध्ये फिलिप रोझनफेल्ड यांनी डोळ्यात देऊन पाहिलं. खास डोळ्यासाठी बनवलेलं औषध वर्षभरात आलं ते कितीतरी पट महाग. म्हातारपणाच्या पीतबिंदूच्या आजारात दोन्ही जवळपास सारखीच, हे २०११ च्या तुलनेत दिसलं. पण स्वस्त औषधाची बाटली अनेकांत वाटून घ्यावी लागते आणि तिथे स्वच्छतेत चूक झाली तर अख्खी रांग आंधळी होऊ शकते. इंजेक्शन एकाने भागत नाही, हे सांगितल्यावर लोक सुईला भितात त्याहून जास्त हेलपाट्यांना भितात. तीनदा येतात, नजर सुधारते आणि यायचे थांबतात. वर्षाने नातू हात धरून घेऊन येतो.

काहीच न जाणवणाऱ्या या मधुमेहींहून मुका रोगी एकच: अपुऱ्या दिवसांचं बाळ. दोन किलोंच्या आतलं किंवा चौतीस आठवड्यांआधी जन्मलेलं मूल असेल तर तीस दिवसांच्या आत पडदा तपासायलाच हवा. त्यानंतरचे काही आठवडे हातात असतात, मग दार बंद. वजन वाढतंय म्हणून खूश असलेल्या आईला हे सांगताना आवाज खाली ठेवावा लागतो.

मामांचा पडदा बसला. बुडबुडा विरत गेला तशी त्यांना नजरेत एक आडवी रेघ दिसू लागली, वर स्वच्छ आणि खाली धूसर. दर भेटीत ती खाली गेलेली असे. "नळीतल्या पाण्याची लेव्हल बघितल्यागत," म्हणायचे, आणि ती किती बोटं उतरली याचा हिशोब द्यायचे. शेवटी खाली गोटीएवढा ठिपका राहिला, एके सकाळी तोही नव्हता. तक्त्यावर नजर ६/१२ भरली. नऊ दिवस पीतबिंदू सुटून राहिलेल्या डोळ्याला हे चांगलंच. मी कागदावर 'यशस्वी' लिहिलं.

तीन महिन्यांनी ते पिशवीतून ओळंबा घेऊन आले. दरवाज्याच्या चौकटीला अडकवला, डावा डोळा हाताने झाकला आणि म्हणाले, "ह्या डोळ्यानं बघितलं की दोरी मधीच वाकती." सुटलेला मधला भाग बसला, तरी पेशी आपापल्या जुन्या जागी तंतोतंत येतातच असं नाही. ते मी सांगितलं. चष्मा? उपयोग नाही. पुन्हा ऑपरेशन? तेही नाही.

त्यांनी थोडा विचार केला. हात डाव्या डोळ्यावरून काढून उजव्यावर ठेवला, दोरीकडे पाहिलं, मग ओळंबा गुंडाळून पिशवीत टाकला. जाताना माझ्या दवाखान्याच्या चौकटीकडे बोट दाखवलं. ती वरच्या अंगाला दोन सूत बाहेर आहे म्हणे.