ओके ते ओक्के

‘ओके’वर हक्क सांगणारे पुष्कळ. ग्रीक लोक आपल्या ‘ओला काला’कडे, म्हणजे ‘सगळं छान’कडे, बोट दाखवतात. स्कॉटलंडमधल्या काहींना तो त्यांच्या ‘ऑख आय’ या होकाराचा वंशज वाटतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो चोक्टॉ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला मानून कागदपत्रांवर ‘ओकेह’ असंच लिहीत. तर्क सगळेच गोड, पण पुरावा वेगळीकडे नेतो. कोलंबिया विद्यापीठातले भाषाभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी एकोणिसाव्या शतकातली वर्तमानपत्रं धुंडाळली आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकातल्या लेखांत या शब्दाचा जन्मच शोधून दाखवला.

२३ मार्च १८३९, ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’.

त्या काळी बॉस्टनच्या पत्रकारांना आद्याक्षरांचं वेड लागलं होतं. त्यातही मुद्दाम चुकवलेल्या स्पेलिंगची आद्याक्षरं! ‘ऑल’ ओने सुरू करायचं, ‘राइट’ डब्ल्यूने, की ‘ऑल राइट’चं झालं ‘ओ. डब्ल्यू.’ तसंच ‘ऑल करेक्ट’ ओ आणि केने लिहिलं, की ‘ओ. के.’ गावातल्या घंटाविरोधी मंडळाच्या प्रवासावरून संपादक चार्ल्स गॉर्डन ग्रीन यांनी प्रॉव्हिडन्सच्या एका वर्तमानपत्राला चिमटा काढला आणि त्या ओघात ‘ओ. के.’ लिहून लगेच पुढे अर्थही देऊन टाकला. वाचकाला अर्थ सांगावा लागतो, यावरूनच शब्द किती कोवळा होता ते कळतं.

‘ओ. डब्ल्यू.’ विरून गेलं. ‘ओके’ तगला, तो १८४०च्या निवडणुकीमुळे. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन न्यूयॉर्क राज्यातल्या किंडरहूकचे. त्यांचं टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ‘ओके क्लब’ काढले. विरोधकांनी आवई उठवली, की आधीचे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसे आणि ‘ओके’ ही त्यांचीच करामत. व्हॅन ब्युरेन हरले, पण दोन्ही बाजूंनी मिळून शब्द देशभर पोचवला होता. पुढे तारयंत्र आलं. संदेश नीट पोचला, हे कळवायला दोन अक्षरं पुरेशी होती.

इंग्रजीत हा शब्द कौतुकाचा नाही. ‘जेवण ओके होतं’ म्हटलं, की यजमान खट्टू होतो. हरकत नाही, चालेल, पुढे जा, एवढंच तो सांगतो. माझ्या मते त्याच्या दीर्घायुष्याचं खरं कारण हेच: स्तुती न करता संमती देता येते.

मराठीत हे काम ‘बरं’ पूर्वीपासून करत आलं आहे. ‘बरं, येतो’ ही संमती, ‘बरा आहे’ हे बेताचं मत, ‘बरं, मग?’ हा विषय पुढे ढकलणारा धक्का. इंग्रजी ‘ओके’ याच तिन्ही जागी बसतो. तरीही तो मराठीत शिरला, कारण वरिष्ठाला नुसतं ‘बरं’ म्हणणं जरा घरगुती होतं. ‘ओके सर’ कामाच्या ठिकाणी शोभतं. कारखान्यात तर त्याला पर्यायच उरला नाही. पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या शॉपमध्ये कामगार लेथवरून पहिला पीस उतरवतो, क्वालिटीवाला व्हर्नियर लावतो, माप मर्यादेत बसलं की म्हणतो, “ओके आहे, चालू कर.” तिथे पीस ‘ओके होतो’, बिल साहेबांकडून ‘ओके करून’ आणतात.

गंमत पुढेच आहे. मराठी जिभेने त्यातला ‘क’ दुहेरी केला आणि अर्थाची पट्टीही वर चढवली. ‘एकदम ओक्के’ म्हणजे चालेल असं नव्हे, झकास! जून २०२२ मध्ये सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी गुवाहाटीहून फोनवर तिथल्या झाडीचं, डोंगरांचं, हॉटेलचं वर्णन केलं आणि त्यांचं ते ‘ओक्के’ महाराष्ट्रभर गेलं. ‘ओक्केमध्ये आहे’ असंही आता सर्रास ऐकू येतं. विशेषणाला ‘मध्ये’ जोडणं व्याकरणाला विचित्र वाटेल. पण ‘मजेत आहे’, ‘जोरात आहे’ या घडणीत ते सहज मुरतं: माणूस एखाद्या अवस्थेच्या आत असतो, ही मराठीची जुनीच सवय. बॉस्टनच्या वर्तमानपत्रातल्या दोन अक्षरांना सप्तमीसारखं रूप मिळालं, ते असं.