सूर धरणारा

परवा मैलापुरातील एका कल्याणमंडपात लग्नास जाण्याचा योग आला. आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांच्या नातीचे लग्न. चेन्नईस बदलून येऊन आम्हांस सहा वर्षे झाली. तेव्हा अशा प्रसंगी कोठे बसावे याविषयी आता संकोच उरलेला नाही. आम्ही नेहमीप्रमाणे वाजंत्र्यांजवळची खुर्ची धरली. दोन नागस्वरवाले, दोन तविलवाले, एक टाळवाला. आणि ज्या जागी ओत्तु धरणाऱ्याने बसावयाचे, तेथे विजेवर चालणारी एक छोटी पेटी एकसुरी गुणगुणत होती.

ओत्तु म्हणजे आपल्याकडील सनईच्या ताफ्यातला सूर. नागस्वरासारखेच लांब वाद्य, पण त्यावर बोटे फिरवावयाची नसतात. एकच षड्ज, तोही श्वास तुटू न देता, मिरवणूक संपेपर्यंत धरावयाचा. या मनुष्याकडे आमचे लक्ष वेधले ते, विचित्र वाटेल, पण एका प्रेमकथेमुळे.

कोत्तमंगलम सुब्बु यांची 'तिल्लाना मोहनांबाळ' ही ती कथा. 'आनंद विकटन' साप्ताहिकातून १९५७ च्या सुमारास ती क्रमशः येऊ लागली. तमिळ नागस्वराचे सम्राट राजरत्नम पिळ्ळै १९५६ च्या डिसेंबरात निवर्तले होते. त्यांचा तोडी ज्यांच्या कानांत अद्याप घुमत होता, त्या वाचकांपुढे हा नागस्वर वाजविणारा नायक उभा राहिला. शेजारच्या शिक्षकांच्या मातोश्रींनी दर आठवड्याची पाने कापून, शिवून, पुठ्ठा घालून त्यांचे घरीच ग्रंथ केले होते. त्या काळी तमिळ घरांतून ही रीतच होती. गोपुलूंची चित्रे आणि पाठीमागे अर्धवट कापलेल्या जाहिराती अशा त्या पिवळ्या पानांवरून शिक्षकांनी आम्हांस तमिळ वाचावयास शिकविले. खात्याच्या भाषापरीक्षेस त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही, हे येथे नमूद केलेले बरे.

सिक्कलचा षण्मुगसुंदरम मानी आणि तापट. मोहना नर्तकी, तीही तितकीच मानी. त्याच्या तिल्लान्यावर ती नाचून दाखवील काय, ही पैज. आणि पैजेआड प्रेम. पण कथेतील खरा काटा निराळाच आहे. मोहनेच्या आईस कलावंत जावई नको, धनिक आश्रयदाता हवा. देवदासीप्रथेस बंदी घालणारा कायदा मद्रास प्रांतात १९४७ साली झाला, परंतु आईच्या मनातील हिशेब कायद्याने थोडाच पुसला जातो? म्हणून या प्रेमकथेत लग्न हा गोड शेवट नसून एक फार मोठी मागणी आहे. १९६८ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. शिवाजी गणेशन यांच्या ओठांशी जे नागस्वर दिसते, त्याचा स्वर सेतुरामन आणि पोन्नुसामी या बंधूंचा.

गायकांच्या कादंबऱ्यांत ति. जानकीरामन यांची 'मोहमुळ' अधिक खोल, हे आम्हांस मान्य आहे. तिच्यातील यमुनेची आई तर तंजावरची मराठी बाई, त्यामुळे आपणां मंडळींस ती जवळची वाटावी. आणि तिच्यावरील १९९५ चा चित्रपट ज्ञान राजशेखरन या आयएएस अधिकाऱ्याने केला, हे वाचून कोणास फायली बाजूस साराव्याशा वाटल्या तर आमचा इलाज नाही. तरी आमचे मन मोहनेकडेच जाते. तेथे एकटा गवई नाही, ताफा आहे. एकत्र प्रवास, एकत्र भोजन, एकमेकांची रुसणी. तविलवाल्याच्या वाट्यास विनोद आला, भावाच्या वाट्यास निष्ठा आली. ओत्तुवाला मात्र वाचून संपल्यावर आमच्या ध्यानातच राहिला नाही. त्याचे कोणावर प्रेम होते की नाही, कोण जाणे.

आम्हीही कधीकाळी सूर धरीत होतो. सोलापुरास कॉलेजात असताना एक मित्र गात असे आणि त्याच्या मागे तंबोऱ्यावर आम्ही. पाच वर्षांत बैठकीतील कोणी आमचे नाव विचारले नाही, व त्याचे वाईटही वाटले नाही. पुढे त्यास एका मोठ्या ठिकाणी गाण्याची संधी आली. त्याच आठवड्यात आम्हांस नोकरीवर रुजू होण्याचा हुकूम आला. चार दिवसांची मुदत मागता आली असती. आज आम्ही स्वतः कनिष्ठांस ती देतो. आम्ही मागितली नाही. गाणे बसले नाही. त्याचे कार्ड आले, त्यात तक्रार नव्हती. तंबोरा चांगला जुळला होता, मागे ओळखीचे कोणी नव्हते, एवढेच. त्यानंतर तो फारसा गायला नाही, असे ऐकतो. विचारण्याचे धैर्य आम्हांस झालेले नाही.

लग्नात वाजंत्री क्षणभर थांबले तेव्हा आम्ही टाळवाल्यास ओत्तुवाल्याविषयी विचारले. तो म्हणाला, माझे वडील ओत्तुच धरीत. मग पेटीकडे मान करून हसला: हिला बिदागी नको, जेवणही नको.

इतक्यात "केट्टि मेळम!" असा पुकारा झाला. ताली बांधली जात असता अशुभ शब्द कानी पडू नये म्हणून सारी वाद्ये एकदम कडाडली. त्या गदारोळात पेटीचा सूर कोठला ऐकू येणार! तिचा तांबडा दिवा तेवढा दिसत होता. शिक्षक दुरून हातवारे करीत होते. आमच्या मुठीतील अक्षता मुठीतच राहिल्या होत्या.