‘का’ विचारू नका, कागद मागा

सण जवळ आला की आमच्या मोहल्ल्यात काही घरांत नवे कपडे येतात आणि काही घरांत पोलिसांची नोटीस येते. बोलताना सगळे तिला ‘एकशे एकोणपन्नासची नोटीस’ म्हणतात. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच करायची ही कारवाई. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिचं कलम १४९ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि ते कलम १६८ झालं. आमच्याकडे नाव जुनंच चालतं.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला ही नोटीस कित्येक वर्षं येत होती. तो वायरिंगची कामं करतो. सही करायची, कागद घडी करून कपाटात टाकायचा, दोन दिवस घराबाहेर कमी पडायचं, असं चाललं होतं. गेल्या वर्षी त्याच्या सहावीतल्या मुलीने ती नोटीस सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली. मुलगी माझ्याच वर्गात, मराठी छान वाचते. ‘आपणाकडून गुन्हा घडल्यास’ इथे थांबून तिने विचारलं, “अब्बा, हे तुम्हाला लिहिलंय?” त्याच संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

“सर, माझ्यावर एक केस नाही. मग माझं नाव का?”

ठाण्यात त्याने हे तोंडी अनेकदा विचारलं होतं. दरवेळी उत्तर एकच, यादी वरून आली आहे, सही करा. म्हणून आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज करायचं ठरवलं. त्याची अम्मी घाबरली. म्हणाली, “काय को कागद मांगता रे, नाम और ऊपर आयेगा.” या भीतीला मी हसलो नाही. ती आमच्या घराघरांत आहे आणि उगाच आलेली नाही. मी एवढंच म्हणालो, खाला, नाव तर वर आलेलंच आहे, ते कुठल्या कागदावर आहे तेवढं बघू या.

पहिला अर्ज मी लिहिला आणि चुकलो. दीड पान सुंदर मराठी, त्यात तीनदा ‘का’. उत्तर आलं, की मागणी प्रश्नार्थक आहे, ती ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. मला राग आला. मग वाचलं तेव्हा कळलं की कायदा त्यांच्या बाजूने आहे. २००५ च्या कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे असलेला अभिलेख, कागद, नोंद. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात हेच सांगितलं, की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे माहिती नव्हे. मात्र ज्या कागदात ते उत्तर दडलेलं असतं, तो कागद मागता येतो.

दुसरा अर्ज ‘जोडपत्र अ’च्या नमुन्यात, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. मागण्या चारच. माझ्या नावे मागच्या पाच वर्षांत काढलेल्या प्रतिबंधात्मक नोटिसांच्या साक्षांकित प्रती. त्या ज्या अहवालावर काढल्या त्याची प्रत. ज्या नोंदवहीत माझं नाव आहे त्या पानाचा माझ्यापुरता उतारा, इतरांची नावं झाकून. आणि माझ्यावर दाखल दखलपात्र व अदखलपात्र गुन्ह्यांची यादी, नसल्यास ‘निरंक’ असं लेखी. माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही, म्हणून ते लिहिलं नाही. सही त्याची. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. ही पोच विसरू नका, पुढचं सगळं त्या तारखेवर मोजतात.

कायद्याने उत्तराला ३० दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी नकार आला. कारण, कलम ८(१)(ज), तपासात अडथळा. या ओळीपाशी आपली माणसं थांबतात. थांबू नये. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलं आहे, की तपास चालू आहे एवढं सांगून भागत नाही, माहिती दिल्याने अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं. इथे तर तपासच नव्हता. आणि अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी नकार देणाऱ्यावर असते, अर्जदारावर नाही.

पहिलं अपील ३० दिवसांत करायचं, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. सुनावणीला मी सोबत गेलो. वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद वाचले आणि आपल्याच माणसाला विचारलं, “कोणता तपास?” उत्तर आलं नाही. प्रती देण्याचा आदेश झाला. दोन रुपये पानाप्रमाणे सहा पानांचे बारा रुपये भरले.

अहवाल दोन ओळींचा होता आणि दरवर्षी तोच, फक्त तारीख बदललेली. नोंदवहीच्या उताऱ्यात नाव येण्याचं मूळ सापडलं. २०१३ मधल्या जुलूसच्या परवानगीसाठी केलेला अर्ज. खाली कार्यकर्ता म्हणून त्याची सही होती.

तो अर्ज माझ्या घरी लिहिला गेला होता. मराठी शुद्ध हवं म्हणून मीच सांगत होतो आणि अक्षर चांगलं म्हणून तो लिहीत होता. “सही पण तूच कर,” हेही मीच म्हणालो होतो. पोलिसांकडे रीतसर परवानगी मागायला गेलेला पोरगा पोलिसांच्या यादीत गेला, आणि आम्हाला दोघांनाही हे इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, “सर, तेव्हा परवानगी तर मिळाली होती.”

त्या प्रती जोडून त्याने नाव कमी करण्यासाठी वरिष्ठांकडे अर्ज दिला. मागच्या सणाला नोटीस आली नाही. अर्जामुळे, की कुणी विसरलं, मी सांगू शकत नाही. पुढचा सण यायचा आहे.

आपल्या लोकांसाठी आणखी दोन गोष्टी. तक्रार तुमची असेल तर एफआयआरची प्रत मोफत मिळते, त्यासाठी माहितीचा अर्ज लागत नाही, आणि नव्या संहितेत हा हक्क पीडितालाही दिला आहे. दुसरं, स्वतःपुरतंच मागा. सगळ्या मोहल्ल्याची यादी मागितली तर नकार सोपा होतो. ज्याला कागद हवा, त्याने आपल्या नावे, आपल्या सहीने मागावा. लिहायला मदत लागली तर तेवढी आपण करू शकतो.

वर्गात अर्जलेखन शिकवताना मी आता शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज आणि पाण्याच्या तक्रारीचा अर्ज झाला की हाही अर्ज घेतो. मुलं पहिल्यांदा ‘का’च लिहितात. मी तो खोडतो आणि ‘प्रत मिळावी’ असं लिहायला लावतो.

चौथ्या मागणीचं उत्तर सांगायचं राहिलं. एका पानावर एकच शब्द होता, ‘निरंक’, खाली सही आणि शिक्का. त्या पानाला त्याने लॅमिनेशन करून घेतलं आहे. मुलीने त्याचा अर्थ विचारला, तर त्याने तिला माझ्याकडे पाठवलं.