डोंगरावरील एका रात्रीची तयारी

प्रवासाची तयारी हाच निम्मा प्रवास, हें आमचें मत सौभाग्यवतींस आतां पाठ झालें आहे; कारण प्रत्यक्ष प्रवासापेक्षां तयारीच आमच्या वांट्यास अधिक आलेली. गेल्या माघापासून मात्र टेबलावर खराखुरा नकाशा पसरला आहे. चिरंजीव झुरिचला शिकत आहेत, आणि येत्या ऑगस्टांत त्यांच्यासह स्वित्झर्लंडमधील कोंकोर्डिया नांवाच्या डोंगरी विश्रामगृहांत एक रात्र काढावयाची, असें ठरलें आहे.

हें घर आल्प्समधील सर्वांत लांब अशा आलेच हिमनदीच्या कांठीं, २८५० मीटर उंचीवर, एका कड्याच्या खांद्यावर आहे. तेथवर सडक नाहीं. १९१२ सालीं पुरी झालेली रेल्वे डोंगराच्या पोटांतून युंगफ्राउयोख येथें ३४५४ मीटरांवर नेऊन सोडते. पुढें दोन-तीन तास हिमनदीवरून पायीं उतरावयाचें. भेगांवर बर्फाची साय धरलेली असते, म्हणून वाटाड्या हवा, आणि सर्वांनीं एका दोरांत बांधून चालावयाचें. जेवण व पांघरूण तेथें मिळतें. पिशवीसारखी शिवलेली चादर मात्र ज्याची त्यानें न्यावयाची. सौभाग्यवतींनीं ती आमच्या मातोश्रींच्या जुन्या सुती लुगड्याची शिवली. शाकाहाराची सूचनाही आधींच गेली आहे. जेथें शिधासामग्री हेलिकॉप्टरनें चढते, तेथें ऐन वेळीं पिठलें मागून कसें चालेल?

येथवर सर्व सुरळीत होतें. अडलें तें पायऱ्यांपाशीं. १८७७ सालीं तेथें पहिलें घर बांधिलें, तेव्हां हिमनदी त्याच्या खालीं अवघ्या पन्नासएक मीटरांवर होती. पुढें हवा तापत गेली, हिमनदी वितळून खचत गेली, आणि घर जागच्या जागीं उंच झालें. आज कड्यास जडविलेल्या जिन्याच्या साडेचारशेंहून अधिक पायऱ्या चढल्यावांचून दार गांठत नाहीं. कॉलेजांत असतांना या हिमनदीचें चित्र पाहून आम्ही 'एकदां जाऊं' म्हटलें होतें. मग मुलांच्या परीक्षा, घराचें कर्ज, गुडघा. आम्ही थांबलों तितकी वर्षें तिकडे जिना खालून वाढत होता, हा हिशेब परवां रात्रीं ध्यानांत आला, आणि झोंप लागेना.

गुडघ्याचें आम्ही वाटाड्यास कळविलेंच नव्हतें. पन्नाशी उलटलेला मनुष्य वय एक वेळ खरें लिहितो, दुखणें लिहीत नाहीं. "बाबा, गुडघ्याचें सांगितलेंत ना?" चिरंजीवांनीं फोनवर विचारलें. आम्ही विषय हवामानाकडे नेला. ते क्षणभर थांबून म्हणाले, "बाबा, दोर एकच असतो."

आज सकाळीं पत्र लिहिलें: उजवा गुडघा, चढतांना बरा, उतरतांना वाईट. 'नाहीं' असें उत्तर आलें, तर राखलेली जागा वेळेवर सोडावी लागेल. नाहींतर आम्ही भेगेंत पडलों असें समजून कोणी तरी शोधावयास निघावयाचें.

तोंवर रोज संध्याकाळीं पर्वती चढत आहों. तिच्या पायऱ्या शंभरांहून किंचित् अधिक; म्हणजे साडेचार फेऱ्या. काल तीन झाल्या. तिसऱ्या फेरीला उतरतांना कठडा धरावा लागला, तेंही पत्रांत लिहिलें आहे.