आयत्या वेळचा विषय

आमच्या मंडळीची कमिटी महिन्यातून एकदा बसते. विषयपत्रिकेवर वर्षानुवर्षं तेच ते असतं. पावसाआधी पत्रे बदलायचे का, दफनभूमीचा ढासळलेला गडगा कोण बांधून देईल, लाइट बिल, नाताळच्या भोजनाचा हिशेब. आणि सगळ्यात शेवटी, ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. जिल्हा परिषदेच्या हिशेब विभागात नोकरी झाल्यामुळे मला एवढं कळतं, की खरी मीटिंग तिथूनच सुरू होते.

गेल्या जानेवारीत गडग्याचा विषय संपला, चहा आला, आणि एका वडीलधाऱ्या सभासदांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, “नाताळच्या उपासनेला प्रभुभोजनाच्या रांगेत कोण उभं होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.”

पाहिलं होतं सगळ्यांनीच. आमच्यातलीच मुलगी. संडे स्कूलमध्ये माझ्यापुढे बसून तिने दहा आज्ञा पाठ म्हटल्या होत्या. एका हिंदू मुलाशी तिने त्याच्या गावच्या देवळात लग्न केलं, तेव्हापासून ती चर्चमध्ये फिरकली नव्हती. नाताळला आली ती कपाळाला कुंकू लावून. मंगळसूत्राचं कोणाला काही वाटलं नसतं, आमच्याही बायका घालतात. पण आमच्यात त्याला क्रूस असतो आणि तिच्यात दोन वाट्या होत्या. पुढच्या बाकांवरच्या बायकांनी हे किती अंतरावरून टिपलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. तिने भाकर घेतली, द्राक्षरसाची इवलीशी पेली घेतली, डोळे मिटले आणि जागेवर जाऊन बसली. दुपारपर्यंत ही बातमी रत्नागिरीत शिवाजीनगरपासून मांडवीपर्यंत पोचली होती.

या काकांचं म्हणणं स्पष्ट होतं. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड संबंध नको असं बजावलंय. हिने तो जोडला, वर पश्चात्ताप नाही, तेव्हा प्रभुभोजन घेणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव कमी करावं. त्यावर दुसरे एक सभासद, बँकेतून निवृत्त झालेले, गोड हसत म्हणाले, “अहो, न्याय करू नका असं खुद्द प्रभूने सांगितलंय. सोडून द्या.” मत्तयाचा सातवा अध्याय. तो आला की आमच्याकडे चर्चा संपते आणि लोक चपला शोधायला लागतात.

मला मात्र एक जुनी गोष्ट आठवली. पूर्वी एका ख्रिस्ती संस्थेच्या हिशेबात मोठा घोळ निघाला होता. पैसे गरीब मुलांच्या फीचे होते, आणि घोळ करणारा माणूस वजनदार होता. तेव्हाही हाच सातवा अध्याय निघाला होता, याच गोड हसण्यासकट. कुसळ, मुसळ, आपण कोण न्याय करणारे वगैरे. तो माणूस सत्कार घेऊन निवृत्त झाला. मुलांची फी कोणी भरली हे विचारायचं राहूनच गेलं. वजनदार माणूस अडकला की मंडळीला मत्तय आठवतो आणि एखादी पोर सापडली की पौल. दोघांचंही लिखाण एकाच पुस्तकात आहे, आणि कोणतं पान उघडायचं हे समोर कोण उभं आहे त्यावर ठरतं.

त्याच सातव्या अध्यायात पुढे खोट्या संदेष्ट्यांना त्यांच्या फळांवरून ओळखा असंही सांगितलंय. झाड पारखायचंच नसेल तर फळं बघायची कशाला? म्हणजे पारख करायला बंदी नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढायचं, आणि मग भावाच्या डोळ्यातलं कुसळही काढायचं आहे. हा दुसरा भाग म्हणीत आला नाही, म्हणून आम्ही तो विसरतो. आणि डोळ्यातलं कुसळ काढायचं तर जवळ जावं लागतं.

पाळकसाहेब इतका वेळ गप्प होते. त्यांनी मत्तयाचाच अठरावा अध्याय काढला. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन त्याच्याशी बोला. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर न्या. मंडळीपुढे प्रकरण आणायचं ते त्यानंतर. मग त्यांनी विचारलं, “तिच्याशी आतापर्यंत कोण बोललंय?”

पंख्याचा आवाज येत होता. काका म्हणाले, “मी तिच्या वडिलांशी बोललोय.” वडिलांनी तर लग्नापासून मुलीशी बोलणंच टाकलं होतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. कमिटीत बाई मी एकटीच.

तिच्याकडे जाण्याआधी वाळीत टाकण्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण तो शब्द त्या दिवसांत माझ्या डोक्यात फार घोळत होता. आमच्या रत्नागिरीत आणि शेजारच्या रायगडात गावकीने कुटुंबंच्या कुटुंबं वाळीत टाकल्याच्या इतक्या तक्रारी यायच्या, की राज्याला त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. विधिमंडळात तो २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू झाला; तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड. आम्हा ख्रिस्ती लोकांना हा अनुभव त्याच्या किती तरी आधीचा. रेव्हरंड टिळक याच जिल्ह्यातल्या करजगावचे. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी काय काय केलं ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगायला नको. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. आमच्या घराण्यातही पणजोबांना विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, ही गोष्ट आम्ही लहानपणी फार अभिमानाने ऐकलेली. आणि आता आम्हीच यादीतून नाव कापायला बसलो होतो. यादी आणि विहीर सारखी नाही, हे मला कळतं. पण कापणाऱ्याचा चेहरा बराच सारखा दिसतो.

टिळकांनी अखेरच्या काळात, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. आम्ही त्यांची भजनं दर रविवारी गातो. दरबाराचा विषय मात्र सहसा काढत नाही.

खेडशीच्या पुढे एसटीतून उतरून कातळावरून चालत तिच्या सासरी गेले. आंबा मोहरला होता आणि फवारणीचा उग्र वास सगळीकडे भरून राहिला होता. तिचा नवरा बागांमध्ये फवारणीचीच कंत्राटं घेतो, त्यामुळे तो घरी नव्हता. सासू पडवीत पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मी सलाम म्हटलं, ती नमस्कार म्हणाली आणि शेंगांचं सूप माझ्यापुढे सरकवलं. मीही सोलायला लागले. मुलगी आतून आली, कडेवर वर्षाचं पोर, आणि मला पाहून रडवेली झाली.

मी आडवळणाने बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. विचारलं, “कुंकू लावून रांगेत का उभी राहिलीस गं?”

“मावशी, पुसून आले असते तर कोणी काही बोललं नसतं. पण मग गेटाबाहेर ह्यांना कुठल्या तोंडाने भेटले असते? हे टपरीवर थांबले होते, आत यायला लाजत होते.”

“देवळात लग्न केलंस, ते मला पटलेलं नाही,” मी म्हटलं. “तू आमच्याशी बोलायला हवं होतंस.”

“कोणाशी?” ती म्हणाली. रागाने नाही, खरंच विचारत होती. बाबांनी पहिल्याच दिवशी दार लावलं होतं, आणि चर्चमध्ये ज्यांना सांगावं ते सगळे बाबांचे मित्र.

सासू शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, “म्याच धाडली तिला नाताळाला. रात्री आडवी पडायच्या आधी डोळे मिटून बसते, पोराच्या कपाळाला हात लावते. म्हटलं, जीव अडकलाय हिचा तिकडं, जाऊन येऊंदे. पांढरी साडी म्याच काढून दिली.”

पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हेही आहे: विश्वासी बाईचा नवरा विश्वास न ठेवणारा असेल आणि तो तिच्याबरोबर नांदायला राजी असेल, तर तिने त्याला सोडू नये. तीमथ्याचे वडील ग्रीक होते, आई यहुदी. त्याच तीमथ्याला पौलाने आपला सोबती केलं. हे सगळं मला घरून निघतानाच माहीत होतं. पण त्या पडवीत वेगळाच प्रश्न तोंडातून निघाला, चाळीस वर्षांच्या फायलींनी घातलेली खोड. विचारलं, “लग्नाचा कागद कुठाय?”

तिने प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढले आणि देवस्थानची पावती. बस्स.

कुटुंबनिवृत्तिवेतनाच्या फायली मी हाताळलेल्या आहेत. कागद नाही म्हणून नवरा गेल्यावर दोन दोन वर्षं खेटे घालणाऱ्या बायका पाहिल्यात. इथे तर पेच आणखी मोठा होता. हिंदू विवाह कायदा दोन्ही पक्ष हिंदू असतील तरच लागू होतो. एक ख्रिस्ती आणि एक हिंदू यांनी धर्म न बदलता देवळात लग्न केलं, तर त्या कायद्याखाली ते टिकत नाही. आंध्रातल्या एका जोडप्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेच सांगितलं. म्हणजे दोन वर्षं मंडळीत हिच्या पापाची चर्चा चालली होती, पण उद्या नवऱ्याला काही झालं तर ही कायद्याने त्याची कोणीच नाही, आणि पोराचं काय, हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. आमच्यात वकील आहेत, दोन शिक्षक आहेत, मी आहे.

उपाय सोपा होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आधी झालेल्या लग्नाचीही नोंदणी करता येते, आणि विधीनंतर जन्मलेली मुलं मग औरस मानली जातात. अर्ज द्यायचा, विवाह अधिकारी नोटीस लावतात, तीस दिवस हरकतींसाठी थांबतात, मग दोघांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या. मी तिथेच सगळं लिहून दिलं. सासूने दोनदा विचारलं, “ह्यात तिला धरम बदलाया लागल का?” नाही म्हटल्यावर पुन्हा विचारलं, “आमच्या पोराला?” तेही नाही म्हटल्यावर उठून चहा ठेवला.

नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मला हसू आवरेना. हरकत कशावर घेता येते ते कायद्यात मोजून दिलंय: आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे का, वय भरलंय का, मानसिक अवस्था, निषिद्ध नातं. कुंकू त्यात नाही. आमच्या मंडळीत दोन वर्षं हरकती घेतल्या जात होत्या, आणि हरकत नोंदवायची खरीखुरी जागा मिळाली तेव्हा तिकडे कोणीच फिरकलं नाही.

साक्षीदार म्हणून एक मी, एक नवऱ्याचा मामा. तिसरं कोण? पाळकांना विचारलं तर त्यांनी दोन दिवस मागितले. त्यांची अडचण खोटी नव्हती; त्यांची सही म्हणजे मंडळीची सही असं लोक धरतात. तिसऱ्या दिवशी पाळकीणबाई स्वतः कार्यालयात येऊन उभ्या राहिल्या. पेन त्यांनी घरूनच आणलं होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी अहवाल दिला. काका म्हणाले, “बाई, तुम्हाला समजावायला पाठवलं होतं की लग्न लावायला?” सगळे हसले, मीही हसले. पण काकांना मी हसण्यावारी नेत नाही. त्या फीच्या घोळाच्या वेळी भर सभेत उभे राहून बोललेले एकमेव गृहस्थ हेच होते, आणि त्याबद्दल त्यांनी पुष्कळ सोसलं. लहानमोठा पाहून त्यांचं पान बदलत नाही. त्यांना वाटतं, मंडळी सगळ्यालाच हो म्हणू लागली तर तिच्या ‘हो’ला किंमत उरणार नाही, आणि आमच्या मुली बाहेर जात राहिल्या तर तीस वर्षांनी बाकांवर बसायला कोण उरेल? दुसरा प्रश्न मलाही रात्री जागवतो. पहिल्यावर मी त्यांना एवढंच म्हटलं, की पौलाने करिंथच्या मंडळीतल्या एका अपराधी माणसाला बाहेर काढायला लावलं, पण त्याच अध्यायात बाहेरच्यांचा न्याय करणं माझं काम नाही असंही लिहिलं. तेव्हा तिच्या नवऱ्याबद्दल, त्याच्या देवांबद्दल या खोलीत बोलायचं आपल्याला कारण नाही. उरली ती. ती आपली आहे, आणि तिला काय विचारायचं ते मी तिला विचारून आलेय.

ठराव झाला तो असा: नाव यादीत राहील, प्रभुभोजनाआधी पाळक तिच्याशी बोलतील, जसं त्यांनी प्रत्येकाशी बोलायला हवं. शेवटचे शब्द काकांनी घालायला लावले, आणि मला ते फार आवडले. न्याय करू नका म्हणणारे बँकवाले मात्र मतदानाच्या वेळी बाहेर फोनवर होते. पुढे दोन कुटुंबं रविवारी एका घरगुती प्रार्थनासभेला जायला लागली. ती येते, कुंकू लावूनच, मागच्या बाकावर बसते. पोर उपासनेत ओरडलं की काका मागे वळून बघतात आणि गोळी देतात.

तिचे वडील अजून तिच्याकडे गेलेले नाहीत. निवृत्त एसटी मेकॅनिक, हट्टी माणूस. नोंदणीचा दाखला मी त्यांना दाखवला, त्यांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला, शिक्का खरा आहे का ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, हापूसचा हंगाम आटपू दे, जावई मोकळा झाला की जाऊन येईन. हंगाम आटपला तर पाऊस लागला, पावसात कातळावरून गुडघे साथ देत नाहीत. आता म्हणतात गणपतीत त्यांच्याकडे गर्दी असेल, दिवाळीनंतर बघू. मी म्हटलं, “भाऊ, दिवाळीनंतर तो परत फवारणीला लागेल.” तर म्हणाले, “मग सकाळी लवकर जायला लागेल.”