कार्डाची सोयरीक

एखादी वस्तू चांगली आहे, एवढ्यावरून ती आपल्या घरी सुखाने नांदेल असे नाही. सोयरीक जमवताना जुनी माणसे हे बरोबर ओळखत. स्थळ कितीही नामांकित असो, घरात माणसे किती, विहिरीला पाणी किती, ही चौकशी आधी होई. संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड शोधू लागले, तेव्हा मलाही तीच चौकशी करावी लागली.

कार्ड हवे होते ते लघुपटासाठी. आमच्या गावातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे बोलणे मी मोबाईलवर टिपले आहे. त्याची जुळणी करायला बसले, की माझा जुना संगणक धापा टाकी. आवाज पुढे निघून जाई आणि आईचे ओठ मागाहून हलत. चित्रांचा हा भार प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून घेणारा वेगळा गडी म्हणजे ग्राफिक्स कार्ड.

पैसे अण्णांनी दिले. मुकादमाची उचल फिटून हाती जे राहिले, त्यातले. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात; त्या एका कोयत्याच्या साऱ्या हंगामाचा घाम त्यात होता. “एवढ्यात पोरीचा बस्ता निघाला असता,” असे चुलतीने ऐकवलेच. तेव्हा कार्ड आणले आणि चालले नाही, असे होऊन भागणार नव्हते.

वर्गातल्या एका मित्राने आरटीएक्स ३०६० सुचवले. २०२१ साली आलेले, १२ जीबी स्मृतीचे. “डोळे झाकून घे, बसतंय!” मी पेटी उघडून मदरबोर्डावरची लांब खाच पाहिली. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. पीसीआय एक्सप्रेस ही पद्धत मोठ्या मनाची आहे. जुन्या खाचेत नवे कार्ड सहसा चालते, फार तर वेग थोडा कमी मिळतो. पण खाचेत बसणे वेगळे आणि नांदणे वेगळे.

खाचेतून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागली, तर पॉवर सप्लायमधून वेगळी वायर जोडावी लागते. सहा पिनांची ७५ वॅट देते, आठ पिनांची १५०. या पाहुण्याची भूक १७० वॅटची, आणि त्याच्यासाठी ५५० वॅटचा पॉवर सप्लाय असावा, असे बनवणारेच सांगतात. माझ्या पॉवर सप्लायवरची धूळ पुसली. आकडा निघाला २४०. जादा वायर तर नव्हतीच. आपल्या परळीचे औष्णिक वीज केंद्र केवढे थोरले. पण २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून तेही बंद ठेवावे लागले. मग माझ्या पेटीची काय कथा!

पुढे आईचा शिवणकामाचा टेप घेतला. पेटी कुठल्याशा कचेरीतून निघालेली, अंगाने अरुंद. नेहमीच्या उंचीचे कार्ड तिच्यात मावेना. बुटकेच हवे होते. प्रोसेसरही जुना. अण्णा शेजारी बसून हे सारे पाहत होते. मी त्यांना समजावून सांगितले, तर ते म्हणाले, “म्हंजी एक बैल तरणा अन् एक म्हातारा. गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं चालणार की!” पुस्तकी भाषेत हे याहून नेमके कुणी सांगितले असेल, असे मला वाटत नाही.

अखेर जीटीएक्स १६५० ठरले. २०१९ चे, ४ जीबीचे, ७५ वॅटमध्ये भागवणारे. त्यातला बुटका, वेगळी वायर न मागणारा प्रकार मिळाला. प्रोसेसर, डिस्क आणि कार्ड यांची बेरीज २४० च्या बरीच आत राहिली. मित्र म्हणाला, “हलकं घेतलंस.” असेल. पण माझ्या लघुपटाला ते पुरते, आणि उरलेल्या पैशांत धाकट्या बहिणीची वर्षाची पुस्तके आली.

मोठी स्वप्ने पाहा, असे आपल्याला व्यासपीठावरून नेहमी सांगतात. जरूर पाहावीत. मात्र ती पेलायची कुणाच्या खांद्यावर, हेही एकदा टेप लावून पाहावे. लेबल वाचण्याला कुणी कंजुषी म्हणेल. ज्यांनी कोयता चालवून ते पैसे आणले, त्यांना मात्र त्यात आपली कदर दिसते.